शाळेमागची घळ

ड्रेनोवित्सा
३० मार्च २०१४

नेवेना,

पाकिटावर झ्लात्काआत्याचं अक्षर पाहून तू ते फोडलं असशील. पत्ता तिच्याकडून मुद्दाम लिहून घेतला. आत मी आहे. फाडायचं असेल तर आता फाड, मला कळणारही नाही.

मी ठीक आहे. गुडघा दुखतो. द्राक्षाचे वेल छाटून झाले, यंदा जरा उशीरच झाला. तुझ्या आईच्या थडग्यावरचा दगड थंडीत कलला होता, तो सरळ केला.

गावात नवीन म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. पाउन्का इलेवा. गाब्रोवोहून आल्यात, चाळिशीच्या असतील, चालतात मात्र पळाल्यासारख्या. त्यांनी गावभर कागद चिकटवलेत : “२६ एप्रिल, शनिवार. शाळेमागची घळ साफ करायची आहे. हातमोजे आम्ही देऊ, हात तुम्ही आणा.” माझ्या फाटकावरसुद्धा एक चिकटवला आहे.

गांचोच्या दुकानात त्यावरून रोज टिंगल चालते. गांचो म्हणतो, “पंधरा माणसं येतील. त्यातली दहा फोटो काढायला.” आम्ही सगळे हसतो. परवा आम्ही हसत असतानाच बाई पाव घ्यायला आत आल्या. थेट माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, “लाझारकाका, तुम्ही याल ना? तुमच्याकडे ट्रक असायचा म्हणे.”

“असायचा,” मी म्हणालो. “आता नुसता गुडघा आहे.”

पुन्हा सगळे हसले. बाईही हसल्या. मी पाव तिथेच विसरून घरी आलो.

एवढंच. उत्तर पाठवायलाच हवं असं काही नाही.

लाझार

(बाबा लिहिणार होतो. तू घर सोडल्यापासूनच्या नऊ वर्षांत तो शब्द कुणी हाकेत वापरला नाही, त्यामुळे लिहायला अवघड गेला.)

*

८ एप्रिल २०१४

नेवेना,

रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये सभा झाली. मी नुसता बघायला गेलो होतो. साठेक माणसं होती. बाईंनी फळ्यावर घळीचं चित्र काढलं आणि विचारलं, “कुणी सांगेल का, कुठे काय काय आहे?”

मग लोकांना चेव आला. वरच्या बाजूला फ्रीज. गाद्या. टायर. कुणाचा तरी अख्खा बाथटब. वृबाआजी – तीच, पोस्टासमोरची, आता चौऱ्याऐंशीची आहे, डोळ्यांनी जेमतेम दिसतं पण जीभ शाबूत आहे – काठी आपटून म्हणाली, “स्तोयानच्या बायकोने नवऱ्याचं कपाटसुद्धा तिथेच टाकलंय, नवरा आत नव्हता ना ते बघा!” हॉल हसून हसून लोळायचा बाकी होता.

मग बाईंनी कामं वाटली. वरच्या बाजूला, जिथे जड सामान आहे, तिथे पुरुष. मधे बायका. “आणि खालच्या टोकाला,” त्या म्हणाल्या, “नुसती माती आणि झुडपं दिसतात. तिथे पाचवी ते सातवीची मुलं. खुरपी घेऊन खणतील, प्लास्टिक वेचतील, पुढे तिथेच रोपं लावू.”

मी मागच्या बाकावर होतो. हात वर केला नाही.

घरी आल्यावर कोंबड्यांना दाणे टाकले, मग आठवलं की ते आधीच टाकले होते.

खालच्या टोकाला नुसती माती नाही, नेवेना. माती मीच टाकली आहे, दोन ट्रक. मातीखाली काय आहे ते तुला ठाऊक आहे. तू सोळाची असताना जेवणाच्या टेबलावर मला एक प्रश्न विचारला होतास. तुझी आई सूप वाढत होती. मी “नाही” म्हणालो होतो. तू ताटातलं तसंच ठेवून उठलीस.

हे तुला का लिहितोय, देव जाणे. इथे कुणाला सांगू?

व्हॅलेन्सियात आता गरम होत असेल.

लाझार

*

२४ एप्रिल २०१४

नेवेना,

तुझं पत्र काल आलं. पोस्टमन फाटकात उभा राहून म्हणाला, “काका, स्पेन!” त्याच्यासमोर फोडायला नको म्हणून आत गेलो. दोनच ओळी. “तिथे मुलं खणणार असतील तर आजच्या आज जाऊन सांगा. नाहीतर मी शाळेत फोन करेन.” खाली सही नाही, पण अक्षर तुझंच. ‘सांगा’ लिहिलं आहेस. पूर्वी ‘सांग’ म्हणायचीस.

मी सांगितलं आहे. तुझं पत्र यायच्या चार दिवस आधीच, ईस्टरच्या आदल्या शनिवारी. तुझा विश्वास बसणार नाही. बसवूनही घेऊ नकोस, पाउन्काबाईंना फोन करून विचार. नंबर मागे लिहिला आहे.

सकाळी त्यांच्या दारावर गेलो. त्यांनी दार उघडलं तर दोन्ही हात मनगटापर्यंत लाल. अंडी रंगवत होत्या. मी उंबऱ्यातच सुरुवात केली तर म्हणाल्या, “दारात नका बोलू. आत या.” स्वयंपाकघरात बसवलं. त्यांची लेक पोळपाटाएवढ्या ताटात अंडी पुसत होती, तिला बाहेर पाठवलं.

मी सांगितलं. कातडं कमावण्याच्या कारखान्यात मी ट्रक चालवायचो. दोन-तीन महिन्यांतून एका मंगळवारी पहाटे एक-दोन पिंपं घळीच्या खालच्या टोकाला न्यायचो. सात वर्षं. कधी कधी त्यातली काही शहरात नीट पोचवली, पण बहुतेक तिथेच.

“त्यात काय होतं?”

“कमावण्याचं पाणी. हिरवट. हातावर पडलं की फोड यायचे.”

“शाळेच्या मागे?”

“तेव्हा तिथे कुंपण नव्हतं.”

“मी कुंपणाचं नाही विचारलं, काका.”

त्यांनी हात धुतले. बराच वेळ धूत राहिल्या, रंग काही गेला नाही. मग एक वही आणि पेन्सिल माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, “काढा. कुठे, किती खोल, कशाखाली.” मी काढलं. त्या माझ्या खांद्यावरून बघत होत्या. अक्रोडाचं जुनं झाड, तिथून बारा पावलं, अशा खुणा मला सगळ्या पाठ होत्या. इतकी वर्षं विसरायचा प्रयत्न केला होता, तरी एकही चुकली नाही.

चित्र झाल्यावर त्या म्हणाल्या, “सतरा मुलं मी तिथे लावली होती. आता बाहेर गेली ती माझी मारिना, तिचं नाव यादीत पहिलं आहे.” आणि मग, “सरकारी लोकांना मी कळवते. पण गावाला तुम्ही सांगायचं. शनिवारी, सगळ्यांसमोर. मी तुमच्यासाठी बोलणार नाही.”

मंगळवारी जिल्ह्याहून माणसं आली. पांढरे कपडे, तोंडावर मास्क. खालचं टोक दोरी लावून बंद केलं. नमुने नेले. पिंपं काढायला मे उजाडेल, तोवर तिथे कुणी फिरकायचं नाही. वरचा भाग साफ करायला हरकत नाही म्हणाले. गावात आता कुजबुज सुरू आहे की खाली काहीतरी सापडलंय. काय ते कुणाला माहीत नाही. गांचो म्हणतो, जर्मनांचा बॉम्ब.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. मॅनेजर म्हणाला होता, ट्रक चालव नाहीतर घरी बस. मी ट्रक चालवला. एवढंच कारण. तुझ्या आईला ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, त्या मंगळवारी मी लांबचा माल पोचवतो.

परवा शनिवार.

लाझार

*

२७ एप्रिल २०१४, रविवार

नेवेना,

हात सुजले आहेत, अक्षर वेडंवाकडं येतंय. पण आज लिहिलं नाही तर पुढे मलाच ते खोटं वाटेल.

काल सात वाजता निघालो. दाढी करताना दोनदा कापलं होतं. वळणावरून शाळा दिसली आणि मी थांबलो. वाटलं, अपघात झालाय. इतकी माणसं!

गांचो पंधरा म्हणाला होता. वरच्या मोहल्ल्यातलं एक घर आलं नाही असं नव्हतं. खालच्या मोहल्ल्यातून रोमा लोक, ज्यांना गाव जिप्सी म्हणतं ते, नऊ घोडागाड्या घेऊन आले होते, पुढे आसेन, घोड्याच्या आयाळीत लाल लोकर बांधलेली. त्यांना कुणी कागद नेऊन दिला नव्हता. आसेन बाईंना म्हणाला, “आमची पोरंही याच शाळेत आहेत. आमच्या फाटकावर का नाही चिकटवलात?” बाईंचा चेहरा पडला. “चुकलं,” म्हणाल्या. “मग गाड्या कुठे लावू?” एवढंच तो म्हणाला.

कारखान्यातल्या निवृत्त बायका जुने निळे डगले घालून आल्या होत्या. पाद्री अंगरखा कमरेला खोचून उभा. फुटबॉलची टीम. वृद्धाश्रमाची बस आली, त्यातून तीन जण चाकांच्या खुर्चीतून उतरले आणि म्हणाले, पिशव्यांची तोंडं आम्ही बांधू. आणि गांचो! दुकान बंद करून! त्याने आयुष्यात कधी, तुझ्या आजीच्या मयतालासुद्धा, दुकान बंद केलं नव्हतं.

बाई पायरीवर चढल्या, भोंगा तोंडाशी धरला. मग नुसतं म्हणाल्या, “लाझारकाकांना काहीतरी सांगायचंय.”

मी पायरीवर चढलो नाही. खालूनच बोललो, भोंगाही घेतला नाही. “खाली बॉम्ब नाही. पिंपं आहेत. मी आणून टाकली.” मग बाकीचं.

सहाशे-सातशे माणसं असतील.

वृबाआजी समोर होती. “मेल्या,” ती म्हणाली, “माझी नातवंडं शाळेच्या त्या मागच्या खिडक्यांपाशी बसायची. हाताला खाज यायची म्हणून आम्ही त्यांना साबण बदलून दिले.” मला वाटलं ती काठी मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. मग गर्दीतून मिंका पुढे आली, निळ्या डगल्यातली. म्हणाली, “झाकणं मी ठोकायचे. कुठे जातात ते मला माहीत होतं.” तिच्या नवऱ्याने तिचा दंड धरला, तो तिने सोडवून घेतला.

योन्को एका बाजूला उभा होता. घळीच्या खाली ज्याची विहीर आहे, मेंढ्या पाळतो, तो. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघत होता.

माझ्या छातीवर काहीतरी आदळलं. हातमोजे. वृबाआजीने फेकले होते. “तोंड घेऊन उभा काय राहिलायस? घाल आणि उतर खाली!”

मी उतरलो.

आता पुढचं सांगतो, ते मी पाहिलं नसतं तर मानलं नसतं. घळीचा काठ किती उभा आहे, तुला माहीत आहे. गाडी खाली जात नाही. म्हणून कसरतीचे मास्तर म्हणाले, साखळी करा. तळापासून रस्त्यापर्यंत माणसामागे माणूस, हातातून हातात. मास्तरांनी शिट्टी फुंकून आम्हाला उंचीप्रमाणे लावलं, शाळेत लावतात तसं. सगळे हसत होते. माझ्यानंतर वरच्या पायरीला माझ्याच उंचीचा आला, योन्को.

मास्तर नवे आहेत. त्यांना काय माहीत.

आणि मग घळ हलायला लागली. खरं सांगतो. लोकांनी काठावरून लोटलेलं, तीस-चाळीस वर्षांचं सगळं, हातांवरून वर निघालं. टायर. गाद्या. बाहुल्या. एक फ्रीज चार-चार माणसांच्या हातांवरून असा गेला, जसा लग्नात नवरीचा पेटारा नेतात. खालून वर बघितलं तर नुसते हात. लाल, काळे, म्हातारे, हातमोज्यातले, उघडे. कुणी ओळखीचं, कुणी नाही. कुणी कुणाला “इकडे धर” यापलीकडे काही म्हणत नव्हतं. मी आयुष्यभर वजन वाहिलं, नेवेना, पण वजन असं हलकं होताना कधी पाहिलं नव्हतं. मला भीती वाटली. देवळात वाटते तशी.

योन्कोने माझ्या हातातून प्रत्येक पोतं घेतलं. एकही खाली पडू दिलं नाही. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

दुपारी बायकांनी मोठ्या कढईत घेवड्याचं कढण केलं होतं, पुदिना घातलेलं. शिवाय ईस्टरची उरलेली लाल अंडी. पोरं अंड्यावर अंडं आपटून कुणाचं फुटतं ते बघत होती. मला कुणी जेवायला बोलावलं नाही, कुणी हाकललंही नाही. आसेनच्या बायकोने वाडगा हातात दिला आणि निघून गेली.

तीनच्या सुमाराला तळाशी फावडं दगडावर वाजलं. वेगळाच आवाज. पोरांनी हाताने चिखल बाजूला केला तर एक सपाट शिळा निघाली, पाटासारखी घडवलेली, एका बाजूला खळगा. कुणाला काही कळेना. वृबाआजीला हाताला धरून खाली उतरवलं, दोन फुटबॉलवाल्यांनी जवळजवळ उचलूनच. तिने वाकून त्या खळग्यात तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग शिळेवर बसली आणि म्हणाली, “इथे आम्ही लोकर धुवायचो. माझ्या लग्नाची घोंगडी इथे धुतली. इथे पाणी होतं रे, पोरांनो.” सातवीतली एक मुलगी म्हणाली, “आजी, अजून आहे.” आणि होतं. शिळेच्या बाजूने बोटभर धार झिरपत होती. खालच्या टोकाचं नाही, वरचं, डोंगरातून येणारं. स्वच्छ.

सगळी साखळी थांबली. रस्त्यापर्यंत बातमी एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेली, पोत्यांसारखीच. “पाणी आहे.” “पाणी आहे म्हणे.” पाद्र्याने टोपी काढली. मिंका मोठ्याने रडत होती आणि कुणी तिला गप्प करत नव्हतं.

अंधार पडायच्या आत संपलं. मी हातमोजे काढत होतो तेव्हा योन्को शेजारी येऊन उभा राहिला.

“सात कोकरं होती, लाझार,” तो म्हणाला. “एकाच वसंतात. मी त्यांचं पोट फाडून बघितलं होतं. काही कळलं नाही.”

“मला माहीत नव्हतं,” मी म्हणालो.

“आता झालं माहीत.”

आणि निघून गेला.

रात्री झोप आली नाही. तू त्या दिवशी टेबलावर जे विचारलं होतंस, त्याचं उत्तर ‘हो’ असं होतं. तेरा वर्षं उशीर झाला. हो, नेवेना. मीच.

बाबा

*

१६ नोव्हेंबर २०१४

नेवेना,

तुझी बस गेली त्याला अजून दिवसही झाला नाही आणि मी लिहायला बसलो. तोंडाने बोलता येत नाही हे तू काल पाहिलंसच.

मे महिन्यात पिंपं निघाली ते तुला कळवलं होतं. त्रेचाळीस. शेवटच्या दिवशी मी दोरीबाहेर उभा राहून जागा दाखवत होतो. एका पांढऱ्या कपड्यातल्या माणसाने विचारलं, “झाली सगळी?” मी म्हणालो, “अजून एक आहे, अक्रोडाच्या मुळाशी.” होतं. ते निघालं नसतं तरी कुणाला कळलं नसतं. योन्कोची विहीर अजून बंद आहे, दोन वर्षं तरी राहील. तो मला नमस्कार करत नाही. मी करतो.

तू येणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाउन्काबाईंना ठाऊक होतं, आत्याला ठाऊक होतं. मला वाटलं होतं, रोपं लावायला गाव येईल आणि एक-दोन पाहुणे. मी खड्डे खणत होतो. शेजारी कुणी बाई वाकून रोपाची मुळं सोडवत होती. केस कापलेले. डाव्या हाताने गाठ सोडवायची सवय बघून मला कळलं. मी मान वर केली नाही, कारण केली असती तर तू निघून जाशील असं वाटलं. तू म्हणालीस, “कुदळ द्या.” मी दिली. तासभर आपण एवढंच बोललो. “कुदळ द्या.” “माती लोटा.” “पाणी कमी.” मी त्या तासाला काही नाव देऊ शकत नाही.

गाव आपापल्या कामात होतं. पोरं अक्रोडाच्या आणि लिंडनच्या रोपांना पाटीवर नावं लिहून बांधत होती. वास कसलाही नव्हता, फक्त ओल्या मातीचा. शाळेच्या मागच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या आणि आतून लहान मुलांच्या पाढ्यांचा आवाज येत होता.

मग वृबाआजी काठी टेकत आपल्या रांगेपाशी आली. तिला आता आकारच दिसतात. तुझ्यासमोर थांबली आणि गावातल्या म्हाताऱ्या परक्याला जे विचारतात तेच तिने विचारलं. “तू कुणाची गं, पोरी?”

मी खड्ड्यात होतो. माझ्या हातात माती होती, ती मी तशीच धरून ठेवली. तुला सांगता आलं असतं, पाहुणी आहे. स्पेनहून आलेय. शाळेत शिकले होते एवढंच सांगितलं असतंस तरी चाललं असतं. आजूबाजूला योन्को होता, मिंका होती, आसेन होता. सगळ्यांचे कान तिकडे लागले होते.

तू सरळ उभी राहिलीस आणि म्हणालीस, “लाझारची. ट्रकवाल्या लाझारची.”

आजीने मान हलवली, तुझ्या गालावरून मातीचा हात फिरवला, “मग नीट लाव,” म्हणाली आणि पुढच्या रांगेकडे गेली.

बाबा